पाच खणांचे घर

वेल्स या देशाचे नाव निघाले की आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे बहुधा किल्ले उभे राहतात. कार्नार्व्हन, कॉनवी, हार्लेख ही नावे प्रवासवर्णनांतून सर्वत्र पोहोचली आहेत आणि ते किल्ले आहेतही तसेच भव्य. पण ते वेल्श लोकांनी स्वतःसाठी बांधलेले नव्हेत. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १२८२-८३ साली वेल्सचे उरलेसुरले स्वातंत्र्य संपविले आणि जिंकलेल्या प्रजेला धाकात ठेवण्यासाठी ही दगडी कामे उभी केली. वेल्श माणसाने आपल्या बायकामुलांसाठी व गुराढोरांसाठी बांधलेले घर पाहावयाचे असेल तर या किल्ल्यांकडे पाठ फिरवावी लागते.

असे एक घर आम्हां उभयतांना पाहावयास मिळाले. कार्डिफ शहराच्या पश्चिमेस पाचसहा किलोमीटरवर सेंट फेगन्स येथे वेल्सच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि त्यांतील चिठ्ठ्या आठवतात. येथे मात्र चक्क घरेच मांडून ठेवली आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यांतून शेतकऱ्यांची घरे, कोठारे, गिरण्या, एक शाळा, एक प्राचीन चर्च अशा चाळीसहून अधिक वास्तू सुट्या करून आणल्या आणि झाडीत विखुरलेल्या पुन्हा उभ्या केल्या. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. त्यांतील एकाच घरापाशी आमचा बहुतेक दिवस गेला आणि बाकीची पुष्कळशी पाहावयाची राहिली, याची खंत वाटत नाही.

त्या घराचे नाव हेंद्रेर अविद इखाव. वेल्श भाषेत अक्षरे आणि उच्चार यांचे नाते परक्याला सहजी उलगडत नाही. आमच्या कानांना जसे ऐकू आले तसे लिहिले आहे. ‘इखाव’ म्हणजे वरचे. ‘हेंद्रे’ हा शब्द अधिक मोलाचा. त्याचा शब्दशः अर्थ जुनी वस्ती. पण डोंगराळ वेल्समध्ये त्याला हिवाळ्यातील घर असा विशेष अर्थ आहे. उन्हाळ्यात गुरे घेऊन कुटुंबातील काही माणसे वरच्या कुरणांवर जात व तेथे खोपटात राहत. त्या खोपटाला ‘हावोद’ म्हणजे उन्हाळी बिऱ्हाड म्हणत. थंडी पडू लागली की सारी मंडळी गुरांसह खाली हेंद्रेत परतत. म्हणजे ‘हेंद्रे’ या नावातच परत येणे आहे. नकाशावर वेल्समध्ये हेंद्रे नावाच्या कितीतरी वाड्या आढळतात.

हे घर मूळचे उत्तर वेल्समधील डेन्बिशरचे. क्लुइड नदीच्या सुपीक खोऱ्यात लानगनहावल नावाचे खेडे आहे, तेथे ते उभे होते. ते बांधले गेले १५०८ साली. एका शेतकऱ्याच्या घराचे साल इतके नेमके कसे कळले, असा प्रश्न आम्हांलाही पडला. कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नाही; नोंद लाकडातच आहे. ओकच्या झाडाला दर वर्षी एक वलय पडते. पाऊसपाणी चांगले असेल त्या वर्षी रुंद आणि ओढगस्तीच्या वर्षी अरुंद. या रुंद-अरुंद वलयांचा क्रम एका प्रदेशातील सगळ्या झाडांत साधारण सारखा असतो. आजच्या झाडापासून मागे जात, जुन्या तुळयांची वलये एकमेकांशी जुळवीत शास्त्रज्ञांनी शतकानुशतकांची पंचांगे तयार केली आहेत. तुळईत सालीजवळचे अखेरचे वलय शिल्लक असले की झाड कोणत्या वर्षी तोडले ते सांगता येते. शिवाय तेथील सुतार ओक ओला असतानाच कामास घेत. वाळला की त्याला हत्यार लागत नाही. त्यामुळे झाड पडल्याचे साल आणि घर उभे राहिल्याचे साल यांत फारसे अंतर नसते.

आता घराच्या बांधणीविषयी. बाहेरून ते ठेंगणे, लांबट आणि गवताने शाकारलेले दिसते. दगडी जोत्यावर लाकडी चौकटी आणि चौकटींच्या पोटात कूड. होय, कूडच! हेझेलच्या फोकाट्या विणून त्यांवर माती व पेंढा यांचा गिलावा केलेल्या त्या भिंती कोकणातील माणसाला परक्या वाटणार नाहीत. पण या भिंती नुसत्या आडोशापुरत्या आहेत. छपराचा भार त्यांच्यावर नाहीच. तो सारा भार पेलतात त्या लाकडाच्या प्रचंड कैच्या, आणि खरी नवलाई तेथेच आहे.

सुतार रानात जाऊन सरळ झाड शोधीत नसे. त्याला वाकडे झाड हवे असे. खालून सरळ वर येऊन मध्येच आत झुकलेला ओकचा बुंधा मिळाला की तो उभा चिरावयाचा. एकाच बुंध्याची दोन शकले झाल्यामुळे त्यांची वळणे तंतोतंत जुळतात. ती दोन्ही समोरासमोर ठेवून माथ्याशी जोडली की भूमीपासून आढ्यापर्यंत जाणारी एक कैची तयार होते. नमस्कारासाठी जोडलेले दोन हात कोपरांपासून जसे दिसावेत तशी. अशा कैच्या ओळीने उभ्या करून त्यांवर आढे आणि वासे टाकावयाचे. दोन कैच्यांमधील जागा म्हणजे एक खण. हेंद्रेर अविद इखाव हे पाच खणांचे घर आहे.

येथे आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्ही बडोद्याचे. आमच्या पणजोबांनी सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत बांधलेला वाडा अजून उभा आहे आणि आमच्या घरी लहानपणापासून त्याची मोजदाद खणांतच ऐकली: ओटी दोन खणी, माजघर तीन खणी, माडी पाच खणी. खोलीची लांबीरुंदी फुटांत सांगण्याची रीत पुढे आली. खांबांवर उभे राहणारे घर कोठलेही असो, सुताराच्या मनात ते दोन आधारांमधील अंतराने मोजले जाते, यात खरे पाहता आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. पण परक्या देशात घरचे माप कानी पडले की माणूस थबकतो.

या कैच्या जमिनीवर आडव्या ठेवून जुळवीत. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवावयाचे आणि दोहोंतून आरपार भोक पाडून ओकची खुंटी ठोकावयाची. त्यात एक खुबी असे. दोन लाकडांतील भोके किंचित चुकती ठेवीत, म्हणजे खुंटी आत शिरताना सांधा आपोआप ओढला जाऊन घट्ट बसे. लाकूड वाळत गेले की आणखी आवळे. सगळा सांगाडा असा तयार झाला की प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणेच्या रेघा कापीत, रोमन आकड्यांसारख्या, कारण सरळ रेघ पटाशीने कापणे सोपे. मग सांगाडा सुटा करून जागेवर न्यावयाचा आणि खुणेला खूण जुळवीत उभा करावयाचा. दोर आणि बांबूंसारखे लांब दांडे घेऊन गावची माणसे कैची उभी करावयास जमत. ही खुणेची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

घराच्या आत शिरल्यावर प्रथम काही दिसत नाही. खिडक्यांना काच नाही. चौकोनी लाकडी गज, त्यांची धार पुढे करून उभे बसविलेले, आणि आतून बंद करावयाच्या फळ्या. डोळे सरावले की मधला भाग दिसू लागतो. त्यावर माडी नाही, पोटमाळा नाही. मातीच्या भुईपासून थेट आढ्यापर्यंत मोकळे. यालाच त्यांच्या भाषेत ‘नेयाद’ म्हणतात आणि अशा घरांना इंग्रजीत हॉल-हाउस हे नाव पडले आहे. आपले माजघर, ओटी आणि स्वयंपाकघर एकत्र करून त्यावरचे माळे काढून टाकले तर जे होईल ते. भुईच्या मध्यभागी उघडी आगटी. धुराडे मुळीच नाही. धूर वर चढतो, गवताच्या छपरात रेंगाळतो आणि फटींतून, खिडक्यांतून आपल्या सवडीने बाहेर पडतो.

त्या धुराने वरचे वासे काळेकुळकुळीत झाले आहेत. वेल्समध्ये कित्येक घरे अशी आहेत की बाहेरून पाहिली तर सतराव्या-अठराव्या शतकातील साधी शेतघरे वाटतात. दगडी भिंती, धुराडे, वर माडी. पण एखादा अभ्यासक शिडी लावून छताच्या वर डोकावतो आणि त्याला काजळीने माखलेले वासे दिसतात. मग कळते की हे घर मूळचे उघड्या आगटीचे आहे. माडी मागाहून घातली आहे. आमच्या घरातील वडील बाई स्वयंपाकघराचे काळे आढे पाहून दरसाल चुना काढण्याचा तगादा लावीत. लानगनहावलच्या काजळीने इतिहास सांभाळला.

घराची एक बाजू वरची आणि एक खालची. वरच्या टोकाला यजमानाचे बसणे, त्यापलीकडे निजण्याची खोली. खालच्या टोकाला गुरे. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली! इंग्रज प्रवाशांनी यावरून वेल्श लोकांना पुष्कळ नावे ठेवली आहेत. आम्हांला त्यात नावे ठेवण्याजोगे काही दिसले नाही. हिवाळ्यात गुरांची ऊब घराला मिळे, रात्री विणारी गाय हाकेच्या अंतरावर असे आणि चोराला गोठ्यात शिरावयाचे तर घरातूनच जावे लागे. आपल्याकडे अनेक गावांत पडवीला किंवा घराच्या एका अंगाला गोठा असतोच. टीका करणाऱ्यांच्या घरी दूध बहुधा गवळी घालीत असावा.

आता हे घर १५०८ साली का उभे राहिले, त्याआधीची शेतघरे का दिसत नाहीत, हा प्रश्न येतो. उत्तर बरेचसे एका युद्धात आहे. १४०० साली ओवेन ग्लिनदूर या सरदाराने इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले आणि ते दहाबारा वर्षे धुमसत राहिले. दोन्ही बाजूंनी गावेच्या गावे जाळली. खुद्द ओवेनचे सिखार्थ येथील घर, ज्याची कीर्ती योलो गोख या कवीने गायिली होती, ते १४०३ साली युवराज हेन्रीने, म्हणजे पुढच्या पाचव्या हेन्रीने, भस्मसात केले. आज तेथे एक हिरवी टेकडी आहे. बंड चालू असतानाच वेल्श माणसांवर जाचक कायदे लादले गेले. त्यांना नगरांत जमीन घेता येईना, अधिकाराच्या जागा मिळेनात. अशा पराभूत समाजाने पुढच्या शंभर वर्षांत काय केले, तर घरे बांधली. जी घरे आज शिल्लक आहेत ती बव्हंशी या काळातील. महामारीने माणसे कमी झाली होती, जमीन थोड्या हातांत आली होती, गुरांच्या व्यापाराला बरे दिवस होते. ही कारणे इतिहासकार देतात आणि ती खरीच असणार. तरीही जळक्या गावात कोणी तरी पहिल्यांदा रानात जाऊन वाकडे झाड निवडले असेल, त्याचा विचार मनातून जात नाही.

श्रीमंतांनीही याच धर्तीवर बांधले. बँगर शहराजवळ कोख्विलन नावाचे एक मोठे घर आहे. विल्यम आप ग्रिफिद या वेल्श सरदाराचे ते. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत तो हेन्री ट्यूडरच्या बाजूने लढला आणि हेन्री गादीवर बसताच त्याला कार्नार्व्हन परगण्याचे शेरीफपद तहहयात मिळाले. त्याच्या घराचे लाकडी छत कोरीव आणि देखणे आहे. पण आराखडा तोच: मध्ये आढ्यापर्यंत मोकळा दिवाणखाना, एका टोकाला यजमान, दुसऱ्या टोकाला चाकरमाणसे. सरदार आणि शेतकरी यांच्या घरांत ऐपतीचे अंतर होते, कल्पनेचे नव्हते. पुढे याच कोख्विलनचा कितीतरी काळ धान्याचे कोठार म्हणून उपयोग झाला आणि १९७०च्या सुमारास ते पुन्हा राहते घर झाले.

या सगळ्याच्या मध्यभागी आगटी आहे आणि आगटीविषयी वेल्श कायद्यात जे सांगितले आहे ते ऐकून आम्ही खरोखर थक्क झालो. दहाव्या शतकातील हवेल दा नावाच्या राजाच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा तेराव्या शतकापासूनच्या हस्तलिखितांत सापडतो. बापाची जमीन दुसऱ्या कोणी बळकावली असता मुलाने हक्क सांगावयाचा तो दावा ‘ददानिद’ या नावाने होई. ददानिद म्हणजे राख बाजूला सारून विस्तव उघडा करणे. रात्री निजताना घरची बाई निखारे राखेखाली झाकून ठेवी आणि पहाटे राख सारून फुंकर घाली. त्याच क्रियेचा हा शब्द. बापाच्या आगटीतील राख सारण्याचा अधिकार ज्याला, तो वारस! काडेपेटी विकत घेण्याचे दिवस येण्यापूर्वी आपल्याकडेही विस्तव राखून ठेवणे हे गृहिणीचे काम होते आणि विझला तर शेजारणीकडे गोवरी घेऊन जावे लागे. पण त्या विस्तवाला कोणी न्यायालयात उभे केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आगटीच्या पाठीशी उभा केलेला दगडही असाच कायद्याने मानलेला. घर मोडले, लाकडे नेली, तरी तो दगड हलवावयाचा नसे. येथे एका कुटुंबाची वस्ती होती याचा तो साक्षीदार.

वाटणीचाही नियम होता. बापामागे सगळ्या मुलांना जमिनीचा सारखा वाटा. मिताक्षरेवर पोसलेल्या आपल्या वाचकांना यात नवे काही नाही. नवे आहे ते पुढचे: वाटे पाडावयाचे धाकट्याने आणि पसंत करावयाचे थोरल्यापासून क्रमाने, म्हणजे पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ चाले. आणि मूळचे घर जाई धाकट्याला. त्याबरोबर मोठा हंडा, लाकडे फोडण्याची कुऱ्हाड आणि नांगराचे पाते. थोरले तोवर आपापली घरे करून बसलेले असत. आईबापांपाशी उरलेला तोच.

गंमत अशी की आमचे घर उभे राहिले त्याच सुमारास हा कायदा उठत होता. १५०४ ते १५०८ या काळात सातव्या हेन्रीने उत्तर वेल्सच्या निरनिराळ्या भागांना सनदा दिल्या. त्यांनी जुनी वाटणी मोडून इंग्रजी पद्धतीने थोरल्याला सारी जमीन जाण्याचा मार्ग खुला केला. पुष्कळ वेल्श कुळांना ते हवेच होते, कारण वाटे पडता पडता जमिनी रुमालाएवढ्या झाल्या होत्या. त्यानंतर आठव्या हेन्रीने १५३६ व १५४३च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडून टाकले. १५३६च्या कायद्यात न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरली आणि ज्याला इंग्रजी येत नाही त्याला सरकारी अधिकाराची जागा मिळणार नाही असे ठरले. वेल्श भाषा कचेरीतून बाहेर पडली व आगटीपाशी येऊन बसली. २०२१च्या खानेसुमारीत वेल्समध्ये ती बोलणारे सुमारे पाच लाख अडतीस हजार लोक निघाले, लोकसंख्येच्या १७.८ टक्के. राजभाषेच्या छायेबाहेर चार-पाच पिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना हा आकडा कोरडा वाटत नाही.

उघड्या आगटीची घरे पुढे फार दिवस टिकली नाहीत. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर दगडाची धुराडी आली. धूर भिंतीत गेल्यावर वरचा मोकळा अवकाश वाया जातोसा वाटू लागला आणि त्यात माड्या घातल्या गेल्या. माणसे वेगवेगळ्या खोल्यांत निजू लागली. त्या वेळच्या वडीलधाऱ्यांना हे पसंत नव्हते, असे विल्यम हॅरिसन नावाच्या इंग्रज पाद्र्याने १५७७ साली लिहिलेल्या ग्रंथावरून दिसते. धुराने लाकूड पक्के होते आणि घरातील माणसांच्या प्रकृतीलाही तो मानवतो, असा जुन्यांचा समज होता. धुराडी वाढली तशी पडशी वाढली, अशी त्यांची तक्रार. प्रत्येक काळातील आजोबा सारखेच! लाकडापुरते मात्र त्यांचे खरे होते. धुराने कीड दूर राहते, हे आमच्या घरीही माहीत होते.

हेंद्रेर अविद इखाव सेंट फेगन्सला कसे आले, तेही सांगावयास हवे. योर्वर्थ पीट नावाचे एक विद्वान व कवी होते (१९०१–१९८२). ‘वेल्श घर’ या विषयावर त्यांनी १९४० साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. राजवाड्यांखेरीज वास्तुकला नाही असे मानण्याच्या काळात शेतकऱ्याच्या घरावर ग्रंथ! स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे १८९१ पासून जुन्या घरांचे उघड्यावरचे संग्रहालय आहे. तसे आपल्या देशात व्हावे असा त्यांचा ध्यास. १९४६ साली प्लिमथच्या अर्लने सेंट फेगन्स येथील आपला वाडा व बागा त्यासाठी दिल्या आणि १९४८ साली संग्रहालय उघडले. या अर्लचे कुळनाम विंडसर-क्लाइव्ह. प्लासीच्या त्याच रॉबर्ट क्लाइव्हच्या नातवाचे हे घराणे! मध्य वेल्समधील पोविस किल्ल्यात क्लाइव्ह मंडळींनी हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू, टिपूच्या तंबूसह, मांडलेल्या आहेत. दुसऱ्याच्या घरातील वस्तू नेणाऱ्या कुळाकडून वेल्श शेतकऱ्याच्या घराला जागा मिळाली. इतिहासाचे हिशेब असे विचित्र असतात, असो.

लानगनहावलच्या घराचा सांगाडा सुटा करून दक्षिणेस आणला आणि १९६२ साली ते लोकांना खुले झाले. सुटा करता आला, कारण ते मुळात सुटे होऊ शकेल असेच बांधलेले होते. खुंट्या काढल्या, लाकडे उतरविली, कार्डिफजवळ पुन्हा जुळविली. साडेचारशे वर्षांपूर्वी सुताराने जे केले होते तेच पुन्हा केले; गाडीचा पल्ला तेवढा लांबला.

हे योग्य झाले काय? याविषयी आम्हां उभयतांत एकमत नाही. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, घर म्हणजे त्याची जागा, क्लुइडचे खोरे, तेथली माती, वरची कुरणे गेली की हेंद्रे हा शब्दच पोकळ होतो, परतावयाचे कोठे? त्या खालच्या टोकाच्या रिकाम्या गोठ्यात बराच वेळ उभ्या होत्या. अलीकडे तेथील जाणकारही शक्यतो घर जागच्या जागी वाचवावे अशा मताचे झाले आहेत. कोर्वेन गावाजवळचे प्लास इखाव हे पंधराव्या शतकातील घर पडावयास आले असता १९७०नंतरच्या दशकात तेथेच उभे केले गेले आणि आता प्रवाशांना चार दिवस राहावयास मिळते. आमचे स्वतःचे मत वेगळे. १९६५ साली त्याच उत्तर वेल्समध्ये कापेल केलिन नावाचे एक संपूर्ण वेल्शभाषी खेडे लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी धरणात बुडाले. घरे, शाळा, प्रार्थनामंदिर, सारेच. जागेसह राहणे ही चैन प्रत्येक घराच्या वाट्याला येत नाही.

आमच्या बोलण्याला इतकी धार येण्याचे कारण वेल्समध्ये नव्हते, बडोद्यात होते. वाड्यात सहा वाटे आहेत. आम्ही पाच जण बाहेर. कोणी फ्लॅटमध्ये, कोणी पुण्यास, कोणी परदेशी. वाड्यात राहतो तो धाकट्या काकांचा मुलगा आणि त्याचे कुटुंब, हवेल दाचा कायदा ठाऊक नसताना. पावसाळ्यात माडी गळते, दुरुस्तीला वर्गणी जमत नाही आणि एका बिल्डरची मागणी आलेली आहे. सही करणारे चार, न करणारे दोन. दोहोंपैकी एक आम्ही.

परत आल्यावर आम्ही विजेरी घेऊन माडीवर गेलो. तुळया खांबांवर टेकतात तेथे, धुळीखाली, पटाशीच्या रेघा आहेत. एक, दोन, तीन. मग एक फुली. पाचही खणांत. या वाड्यात आमचा जन्म गेला. त्या रेघांकडे कोणी कधी बोट दाखविले नव्हते. सागवान उतरवून दुसरीकडे जुळविता येईल, असे जुने लाकूड घेणाऱ्या व्यापाऱ्याने पाहताक्षणी सांगितले. पण त्याचा भाव घनफुटाचा, रेघांचा नव्हे.

दिवाळीत सगळे भाऊ जमले. बोलणी सौम्यपणे झाली. गळक्या माडीखाली दोन लहान मुलींना घेऊन राहणाऱ्या माणसाला ‘वाडा राखा’ असे बाहेरून सांगण्याचा अधिकार आम्हांला किती, हा प्रश्न कोणी उच्चारला नाही. तो आमचा आम्हांलाच ऐकू येत होता. आम्ही सही केली. दोन अटी घातल्या. लाकडे करवतीने कापावयाची नाहीत, खुंट्या काढून उतरवावयाची आणि रेघांवर पक्क्या रंगाने आकडे घालावयाचे. पुतणी वास्तुशास्त्र शिकते, तिने प्रत्येक खणाचा नकाशा काढण्याचे कबूल केले. निदान ओटीचे दोन खण कोठे तरी पुन्हा उभे राहतील, अशी एका शाळेशी बोलणी चालू आहेत. होईल ते खरे.

दुसरी अट माजघरातील उखळाची. भुईत पुरलेले काळ्या दगडाचे उखळ, आजीच्या आधीपासूनचे. ते नव्या इमारतीच्या तळघरात का होईना, आहे तेथेच राहावे, असे आम्ही म्हणालो. बिल्डरचा माणूस हसला. धाकट्या काकांचा मुलगा मात्र हसला नाही.

‘‘दादा, ते काढायचेच म्हटले तरी निघायचे नाही,’’ तो म्हणाला. ‘‘गेल्या वर्षी फरशी बसवताना आम्ही खणून पाहिले. खाली हातभर गेले, तरी दगड संपेना. वरून फरशी न घालता तेवढी जागा मोकळी सोडली आहे. हिच्या मिरच्या तिथेच कुटतात.’’